तिसावी सही

"गुरुवारच सापडला होता यांना," बाथरूमच्या दारामागून आवाज आला. "शुक्रवारी आले असते तर आभाळ कोसळलं असतं का? माणसाला दाढी तरी धड करू द्या."

मी दाराबाहेर इस्त्रीचा शर्ट हातावर घेऊन उभी होते आणि आत आमच्या सिवारचे बाबा आरशाशी भांडत होते. फवाज नाव त्यांचं. एकवीस वर्षं लष्करात ट्रक चालवला, वाळवंटातून रात्रंदिवस नेला, पण घरात चार पाहुणे येणार म्हटलं की त्यांचा वस्तरा सरळ चालत नाही. हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेऊन ते बाहेर आले.

"बारा जण येतायत," मी म्हटलं. "शेजारच्या खुर्च्या मागवल्यात."

"बारा! मुलगी मागायला बारा माणसं? आपली सिवार काय सुलतानाची मुलगी आहे?"

"मुलगीच मागायला येतायत हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग जाहा कशाला घेऊन येतात लोक? पत्ते खेळायला?"

आमच्या कराकमध्ये मोठ्या माणसांचं असं शिष्टमंडळ, जाहा, दोनच गोष्टींसाठी दारात येतं. एक तर मुलगी मागायला, नाही तर कुणाच्या हातून काही रक्तबिक्त सांडलं असेल तर माफी मागायला. आमच्याकडे कुणाचं काही सांडलं नव्हतं. उरली मुलगी.

पण घोळ असा होता की मुलीच्या बाबतीत आधी बायका येतात. चहा पितात, मुलीचे दात बघतात, पडद्यांचं कौतुक करतात, आणि सगळं ठरल्यावर पुरुषांना पुढे घालतात. आमच्याकडे एकही बाई आली नव्हती. आला होता फक्त एक फोन, सोमवारी, माझ्या थोरल्या भावाचा.

"नजाह," तो म्हणाला, "गुरुवारी दुपारी, अस्रच्या नमाजानंतर आम्ही जाहा घेऊन येतोय. अताल्ला पुढे असेल. सिवारबद्दल आहे."

"सिवारबद्दल काय, दादा?"

"फोनवर नाही."

आणि ठेवला. माझा भाऊ मिखलिद अडतीस वर्षांत फोनवर काहीच बोललेला नाही. आई गेली तेव्हासुद्धा त्याने फोन करून एवढंच सांगितलं, "घरी ये." तरुणपणी तो शाळेत मास्तर होता, अकरा महिने. मग एका सकाळी नोकरी गेली आणि त्यानंतर दोन वर्षं तोही गेला, कुठे ते आम्ही शेजाऱ्यांना 'परदेशी' म्हणून सांगत होतो. परत आला तेव्हा त्याने वह्या-पेन्सिलींचं दुकान टाकलं. गावभर त्याला अजून मास्तरच म्हणतात. नोकरी का गेली ते सगळ्यांना माहीत होतं. पक्ष. त्याचा एक पक्ष होता, जनसमता का काहीसं नाव. माणसं एका खोलीत मावतील एवढी, आणि त्यातली दोन एकमेकांशी बोलत नव्हती.

अताल्ला म्हणजे माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, त्याला रियाद नावाचा लग्नाच्या वयाचा मुलगा. तो 'सरकारी कामात' आहे. कसल्या ते आम्ही विचारत नाही. मी पंधरा वर्षांची असताना आमच्या घरासमोर तुतीच्या झाडाखाली एक पांढरी गाडी उभी असायची आणि तिच्यात तरुण अताल्ला बसलेला असायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ऊन चढलं की आई मला म्हणायची, "त्या पोराला चहा देऊन ये." एकदा वर असंही म्हणाली, "दादावर लक्ष ठेवून ठेवून घसा सुकला असेल त्याचा." हे वाक्य त्या घरात एकदाच बोललं गेलं, आणि आईनेच नंतर जीभ चावली. मी चहा नेऊन द्यायचे. दादा बाहेर पडला की गाडी मागे निघायची. वर्षं गेली, गाडी बदलली, मग गाडी येईनाशी झाली आणि अताल्ला स्वतःच यायला लागला, पाहुणा म्हणून. दादाने त्याच्या रियादला गणित शिकवलं, दहावीपर्यंत, फुकट. त्या दोघांइतकं एकमेकांना ओळखणारं दुसरं कुणी कराकमध्ये नसेल.

तर मी रियादच्या आईला फोन केला. आडून आडून विचारलं, "गुरुवारी काय बेत?"

"पुरुषांचं काहीतरी आहे बाई," ती म्हणाली. "मला म्हणाले कोट इस्त्री कर. कुठे विचारलं तर म्हणतात, देशाचं काम आहे."

आता माझ्या मुलीचं लग्न हे देशाचं काम कधीपासून झालं?

सिवारला सांगितलं तेव्हा ती गणिताचं पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. चोवीस वर्षांची आहे. चार वर्षं सरकारी शिक्षकांच्या यादीत तिचा नंबर रांगत होता, आणि या वर्षी, एकदाचा, पहिल्या तिघांत आला. मुलाखत झाली. आता फक्त ती 'तपासणी' बाकी होती. कागद कुठल्या तरी टेबलावर जातो, कुणीतरी नाव बघतो, आडनाव बघतो, मामा कोण ते बघतो, आणि एक दिवस उत्तर येतं किंवा येत नाही. दादाची नोकरी अशाच एका टेबलावर गेली होती. म्हणून आमच्या घरात महिनाभर कुणी मोठ्याने शिंकत सुद्धा नव्हतं.

"रियाद?" सिवार म्हणाली. "आई, तो स्वतःच्या फोनकडे बघून एकटाच हसतो."

"सरकारी घर आहे ते. तपासणीला बरं पडेल," तिचे बाबा दारातून म्हणाले.

"बाबा, तुम्ही मला नवरा बघताय की शिफारस?"

"मी काही बघत नाही. ते येतायत. मी म्हणेन, मुलीला विचारून सांगतो. बस्स." आणि ते वाक्य त्यांनी तीन दिवस पाठ केलं. आंघोळ करताना, पाव आणायला जाताना. 'तुमचा मान मोठा, पण मुलीला विचारून सांगतो.' मला ऐकूनच पाठ झालं.

मी कुनाफ्याची, त्या पाकातल्या मिठाईची, दोन ताटं मागवून ठेवली. होकार दिला तर वाटायला लागतील, नकार दिला तर तोंड गोड करायला. दोन्हीकडून लागणारच.

अस्रनंतर ते आले. बारा नाही, अकरा. बाराव्याच्या पोटात अचानक दुखायला लागलं होतं असं दादाने दारातच सांगितलं, आणि सांगताना तो हसला नाही. बैठकीच्या खोलीत पुरुष, स्वयंपाकघरात मी आणि सिवार, मध्ये अर्धवट लोटलेलं दार. दाराच्या फटीतून मला अताल्लाचा नवा कोट दिसत होता आणि फवाजच्या हनुवटीवरचे कागदाचे दोन तुकडे, रक्त थांबावं म्हणून चिकटवलेले. काढायला विसरले होते.

फवाजच्या पुतण्याने कडू कॉफी ओतली. वेलदोड्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत आला. अताल्लाने बिनकानाचा पेला घेतला, ओठाला न लावता समोरच्या तिपाईवर ठेवला. बाकी दहा जणांनीही ठेवले. ठक, ठक, ठक. हेच ते. मागणी पुरी होईपर्यंत पाहुणे कॉफी पीत नाहीत, आणि कॉफी न पिता पाहुणे गेले तर यजमानाला बाजारातून मान वर करून चालता येत नाही.

"अबू सिवार," अताल्लाने 'सिवारचे वडील' अशा मानाच्या हाकेने सुरुवात केली, आवाज एकदम खोल, "आम्ही तुझ्या दारात आलोय ते तुझ्या मुलीसाठी. तिच्यासारखी मुलगी या कराकमध्ये दुसरी नाही. शिकलेली, हुशार, अब्रूदार. आमची मागणी तुझ्याकडे आहे, आणि ती मान्य होईपर्यंत ही कॉफी—"

आता 'मुलीला विचारून सांगतो.' मी मनात म्हटलं. सिवारने माझा दंड धरला.

पण अकरा जण त्यांच्याकडे बघत होते. अकरा पेल्यांतून वाफ निघत होती. आणि माझा नवरा, जो वाळवंटात कधी रस्ता चुकला नाही, तो पाठ केलेलं सगळं विसरला.

"प्या," तो म्हणाला. "कॉफी प्या, भाऊ. जे मागायला आलात ते दिलं!"

"अल्लाह तुझा मान राखो," अकरा जण म्हणाले आणि अकरा पेले रिकामे झाले.

सिवारच्या हातातून माझा दंड सुटला. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघवलंच नाही.

मग अताल्लाने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. मला वाटलं अंगठीची डबी. त्याने चौपदरी घडी घातलेला एक कागद काढला, उलगडला, तिपाईवर ठेवला आणि वर एक पेन ठेवलं.

"इथे सही," तो म्हणाला. "आणि ओळखपत्राची एक प्रत."

"सही?" फवाज म्हणाले. "लग्नाआधी?"

"कसलं लग्न?" दादा म्हणाला.

मला तर कुनाफ्याच्या पाकाला मुंग्या लागतायत की काय एवढंच सुचत होतं.

"फवाज," दादा म्हणाला, "पक्षांचा नवा कायदा आलाय ना. रेडिओवर रोज सांगतात. प्रत्येक पक्षाला हजार सभासद पाहिजेत, पाचातली एक बाई पाहिजे, पाचातला एक तरुण पाहिजे, आणि सहा जिल्ह्यांतून किमान तीस-तीस. नाही तर पक्ष बरखास्त. मुदत रविवारपर्यंत. आम्ही तीन छोटे पक्ष एकत्र झालोय. सगळीकडे जमलं. आपल्या कराक जिल्ह्यात एकोणतीस आहेत."

"मग?"

"सिवार तिसावी. आणि ती बाई पण आहे आणि तरुण पण. दोन्ही रकान्यांत चालते."

"माझी मुलगी काय साबणाची वडी आहे, एकावर एक फुकट?" फवाज ओरडले. मग आवाज खाली आणला, कारण पाहुण्यांवर ओरडत नाहीत. "मिखलिद, तू मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"फोनवर?" दादाला खरोखरच प्रश्न कळला नाही.

फवाज अताल्लाकडे वळले. "आणि तू? तू याच्या पक्षात आलास?"

"नाही नाही," अताल्ला घाईने म्हणाला. "मी कुठल्याच पक्षात नाही. मला असता येत नाही. पण वरून सांगितलंय, लोकांना प्रोत्साहन द्या. कुठलाही पक्ष चालेल. मास्तर म्हणाला, फवाज माझं ऐकणार नाही, तू चल. तू म्हणालास की काही धोका नाही, तर तो मानेल."

"म्हणजे सरकार सांगतंय पक्षात जा."

"हो."

"मग सरकारचा पक्ष कुठला? तो माजी मंत्र्याचा, ज्याचे फोटो चौकात लावलेत?"

"तो नाही," एक म्हातारा म्हणाला.

"तोच आहे," दुसरा म्हणाला.

"सरकारला पक्ष नसतो," दादा म्हणाला. "पुढे पक्ष सरकारात जातील. निवडून येऊन. काही वर्षांनी."

"आणि तुम्ही?"

"आम्ही विरोधात."

"सरकारने सांगितलं म्हणून विरोधात?"

"नोंदणीकृत विरोधात," दादा शांतपणे म्हणाला.

फवाजनी डोकं दोन्ही हातांत धरलं. हनुवटीवरचा एक कागद गळून पडला. मला त्यांची इतकी दया आली की दार उघडून जावंसं वाटलं. शब्द तर देऊन बसले होते. कॉफी पोटात गेली होती. आता ती परत पेल्यात कशी येणार?

"हे बघ," ते म्हणाले, "माझा काही विरोध नाही. पण तिचं ओळखपत्र... ते नूतनीकरणाला गेलंय."

ओळखपत्र फ्रिजवर चुंबकाखाली होतं. मी आणि सिवारने एकदमच तिकडे बघितलं.

"जुनी प्रत चालते," दादा म्हणाला.

"आणि तिला हल्ली डोकेदुखी आहे. सही करताना हात... तुमच्या मुलींनी केल्या का सह्या?" फवाजनी खोलीभर नजर फिरवली.

मोठा प्रश्न होता. अकरा माणसांनी अकरा दिशांना बघितलं. एकाची मुलगी दुबईला होती. एकाची परीक्षेच्या तयारीत होती. एकाची फार लाजाळू होती. एकजण म्हणाला, माझ्या मुलीने करायची म्हटलं पण पेन चालेना. असं पेन मी अजून बघितलेलं नाही.

"तर मग एकोणतीस कोण?" फवाज म्हणाले.

"माझ्यासारखे," दादा म्हणाला. "ज्यांचं आता काही जायचं राहिलं नाही."

मग त्याने खिशातून कायद्याची छापील पुस्तिका काढली. एका पानावर पिवळी रेघ मारलेली होती. त्याने वाचलं, मास्तरांच्या आवाजात, की पक्षाचा सभासद आहे म्हणून कुणाही नागरिकाला नोकरीत, शिक्षणात, कशातच त्रास देता येणार नाही.

"पुन्हा वाच," फवाज म्हणाले.

त्याने पुन्हा वाचलं.

"मोठ्याने वाच. ती आतून ऐकतेय."

दादाने तिसऱ्यांदा वाचलं. एवढ्या वर्षांनी प्रथमच माझ्या भावाने ते सगळं खिडक्या उघड्या ठेवून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं होतं. बाहेर कुणी गाडी उभी केली नव्हती. मला रडू आलं आणि त्याच वेळी असंही वाटलं की उगाच खिडक्या उघड्या ठेवल्या.

मी वळले तर सिवार जागेवर नव्हती. फ्रिजवरचं ओळखपत्रही नव्हतं. ती बैठकीच्या खोलीत गेली होती, डोक्यावरचा रुमाल नीट करत, जणू वर्गात चाललीये. अकराही माणसं सरळ बसली.

"सलाम," ती म्हणाली. "बाबांनी शब्द दिलाय, तो मी मोडणार नाही." ती तिपाईपाशी खाली बसली, ओळखपत्र कागदाशेजारी ठेवलं, पेन हातात घेतलं. "मिखलिदमामा, कायदा मला कळला. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण मला काका सांगतील का, मी सही केली तर माझ्या तपासणीचं काय होईल?"

दादाचा चेहरा उजळला. हीच तर त्याची योजना होती. "विचार, विचार. त्यासाठीच तर आणलाय त्याला. सांग तिला, अताल्ला."

"कायदा बदललाय, बेटा," अताल्ला म्हणाला.

"ते मामाने तीनदा वाचलं, काका. कायद्यात काय आहे ते मला माहीत आहे."

"कायद्यात स्पष्ट लिहिलंय, कुणालाही—"

"रियादने कुठल्या पक्षात नाव घातलं?"

अताल्लाने कोटाचं बटण काढलं आणि परत लावलं. "रियादचं... त्याचं नोकरीचं चाललंय सध्या."

"माझंही तेच चाललंय."

खोलीत कुणीतरी खोकलं. फवाज मान खाली घालून तिपाईवरच्या रिकाम्या पेल्यांकडे बघत होते. मी दारात येऊन उभी राहिले, पुरुषांच्या खोलीत, आणि कुणी मला आत जा म्हटलं नाही.

"सांग ना तिला," दादा म्हणाला, आता जरा वेगळ्या आवाजात. "काही होणार नाही म्हणून सांग. तीनच शब्द आहेत. तू माझ्या दारासमोर किती उन्हाळे काढलेस, मी कधी काही म्हटलं का? आज मी तुझ्याकडे पहिल्यांदा काही मागतोय. काही होणार नाही, एवढं म्हण."

अताल्लाने समोरचा रिकामा पेला उचलला. पुतण्या कॉफीची किटली घेऊन पुढे झाला, कारण पेला उचलला की ओतायचं असतं. अताल्लाने पेला हलवला, पुरे म्हणून, पण खाली ठेवला नाही, मुठीत धरून राहिला. सिवारचं पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा एक बारीक ठिपका पसरत होता.

"मास्तर," तो म्हणाला, आणि आवाज तोच होता जो मी पंधरा वर्षांची असताना गाडीच्या खिडकीतून ऐकला होता, चहाबद्दल आभार मानणारा. "वरून मला प्रोत्साहन द्यायला सांगितलंय, ते मी देतो. पण रविवारी सकाळी मला कागदावर लिहून द्यायचंय, आज इथे कोण कोण आलं होतं, कोण काय बोललं, आणि कुणी सही केली. कायदा आला, रेडिओवर आला, सगळं आलं. मला मात्र 'आता लिहू नकोस' असं अजून कुणीच सांगितलेलं नाही."